फेरारीचा घोडा स्टुटगार्टचा की लुगोचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्यांचा मुलगा नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला असतो. तिथे त्याला कुणीतरी सांगितलं की फेरारीच्या बिल्ल्यावरचा घोडा मुळात त्यांच्या शहराचा. पहिल्या महायुद्धात एका इटालियन वैमानिकाने जर्मन विमान पाडलं, त्यावरचा घोडा उचलला आणि पुढे तो फेरारीकडे गेला. हे खरं का? शिवाय पिवळा रंग कुठला, खालची एस आणि एफ ही अक्षरं कशाची, आणि काही फेरारींवर पुढे चौकोनी आणि बाजूला ढालीसारखा, असे दोन निरनिराळे बिल्ले का असतात?

जुन्या गाड्यांचे बिल्ले, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मोनोग्राम, दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आधी सरळ उत्तर देतो. स्टुटगार्टचा घोडा तिथल्याच पोर्श या गाड्यांच्या कंपनीच्या बिल्ल्यावर आहे, आणि तो तिथे राजरोस आहे. फेरारीचा घोडा स्टुटगार्टहून आला याला भक्कम पुरावा नाही, आणि तारखा लावून पाहिल्या तर ती गोष्ट टिकतही नाही. बाकीच्या प्रश्नांची किल्ली एकाच गोष्टीत आहे. फेरारीचा बिल्ला गाड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी जन्मलाच नाही. तो एका रेसिंग संघाचा झेंडा होता. त्या नावाची गाडी रस्त्यावर आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. हे ध्यानात ठेवलं की रंग, अक्षरं, दोन आकार, सगळ्याचा उलगडा होतो.

सुरुवात त्या इटालियन वैमानिकापासून, म्हणजे फ्रान्चेस्को बाराक्कापासून. जन्म 1888, गाव लुगो. उत्तर इटलीत रावेन्नाजवळ आहे हे. घर खानदानी. मुलगा मोडेनाच्या लष्करी अकादमीत शिकला आणि पियेमोंते रेआले या घोडदळाच्या पलटणीत अधिकारी झाला. ही पलटण 1692 सालची, आणि तिच्या चिन्हात लाल पार्श्वभूमीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला रुपेरी घोडा होता. बाराक्का 1912 मध्ये फ्रान्समध्ये रॅंसला विमान चालवायला शिकला. 7 एप्रिल 1916 ला त्याने पाडलेलं ऑस्ट्रियन विमान हा इटलीच्या वैमानिकांचा हवाई लढाईतला पहिला अधिकृत विजय. दोन वर्षांत त्याच्या नावावर असे 34 विजय लागले, आणि त्या युद्धात इटलीच्या दुसऱ्या कुठल्याही वैमानिकाला तो आकडा गाठता आला नाही. 19 जून 1918 ला पियावे नदीच्या लढाईत मोन्तेल्लो टेकडीवर खूप खाली उडून मारा करताना तो गेला. वय तीस. जमिनीवरून लागलेल्या गोळीने की वरून आलेल्या विमानाच्या गोळीने, यावर अजून वाद आहे. लुगोच्या चौकात त्याच्या स्मारकात विमानाच्या पंखासारखा 27 मीटर उंच खांब उभा आहे.

घोडा त्याच्या विमानाच्या अंगावर, बाजूला रंगवलेला असे. आधी निएपोर्त 17 वर, मग स्पाडवर.

आता स्टुटगार्टची कथा तपासू. पाडलेल्या विमानावरचं चिन्ह कापून आठवण म्हणून नेण्याची रीत तेव्हा होती, म्हणून ती कथा ऐकायला पटते. शिवाय स्टुटगार्टच्या शहरचिन्हात पिवळ्यावर काळा उधळलेला घोडा खरंच आहे. पण बाराक्काने निएपोर्त 17 चालवलं ते 1917 च्या सुरुवातीपर्यंत, त्यानंतर त्याच्याकडे स्पाड आलं. इटलीच्या आघाडीवर त्याच्यासमोर ऑस्ट्रिया-हंगेरीची विमानं होती. जर्मन तुकड्या तिथे मोठ्या संख्येने उतरल्या त्या 1917 च्या शरदात, कापोरेत्तोच्या लढाईच्या वेळी. घोडा त्याच्या विमानावर आधीपासूनच असेल तर तो नंतर पाडलेल्या जर्मन विमानावरून कसा येणार? आणि ज्याच्या स्वतःच्या पलटणीच्या चिन्हातच उधळलेला घोडा आहे, त्याने तो शत्रूकडून घ्यायची गरज काय? घोडदळातून आलेला माणूस विमानात बसल्यावरही आपली पलटण सोबत नेतो, हे मला जास्त साधं आणि जास्त खरं वाटतं. घोड्याची ही मुद्रा युरोपात शेकडो घराण्यांच्या आणि शहरांच्या चिन्हांत आहे. दोन घोडे सारखे दिसले म्हणून ते एकाच तबेल्यातले ठरत नाहीत.

रंगावरूनही वाद आहे. पलटणीचा घोडा रुपेरी, मग विमानावरचा काळा कसा? काहींचं म्हणणं, तो मुळात लाल होता आणि बाराक्का गेल्यावर त्याच्या सोबत्यांनी दुखवटा म्हणून काळा केला. जुने फोटो दाखवून लोक इथे भांडतात, पण फोटोंनी हे ठरणार नाही. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ दाद देत नसे, फोटोत लालही काळाच उमटायचा. एन्झो फेरारीने मात्र स्वतः लिहून ठेवलंय की घोडा काळा होता आणि काळाच राहिला.

एन्झो फेरारी हा मोडेनाचा. धातूकाम करणाऱ्या वडिलांचा मुलगा. 1916 मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी सैन्यात गेलेला थोरला भाऊही गेला. एन्झो स्वतः तोफखान्यात होता, खेचरांना नाल ठोकायच्या कामावर. युद्धानंतर तो रेसिंगमध्ये शिरला आणि अल्फा रोमिओ या इटालियन गाड्यांच्या कंपनीसाठी गाडी चालवू लागला. 17 जून 1923 ला रावेन्नाजवळच्या सावियोच्या शर्यतीत तो पहिला आला. तिथे त्याची बाराक्काचे वडील काउंट एन्रिको यांच्याशी ओळख झाली आणि त्या ओळखीतून पुढे आई काउंटेस पाओलिना यांची भेट झाली. त्यांनी त्याला सांगितलं की माझ्या मुलाचा घोडा तुझ्या गाड्यांवर लाव, तुला यश देईल. हे सगळं एन्झोने 1985 मध्ये एका पत्रात लिहिलं. बाराक्काचा फोटो, त्यावर आईवडिलांनी लिहिलेली अर्पणाची ओळ, ते आपण अजून जपून ठेवलंय असंही त्यात आहे. घोडा काळा होता, त्यामागे मोडेनाचा कॅनरी पिवळा आपण घातला, हेही तिथेच.

आई आपल्या गेलेल्या मुलाचं चिन्ह एका अनोळखी रेसिंग ड्रायव्हरला का देईल, असं आज कुणी विचारेल. तो काळ बघायला हवा. अल्फाच्या संघात एन्झोचा जवळचा मित्र होता उगो सिवोच्ची. 1923 च्या एप्रिलमध्ये त्याने तार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली अवघड शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्या गाडीवर पांढऱ्या चौकटीत चार पानांचं हिरवं क्लोव्हर रंगवलेलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोंझाला सराव करताना नव्या गाडीत तो गेला. त्या गाडीवर ते पान रंगवायचं राहिलं होतं. अल्फाच्या वेगवान गाड्यांवर ते पान आजही असतं. रेसिंगमधली माणसं तेव्हा मृत्यूच्या इतक्या शेजारी राहत की गाडीवर काय रंगवलंय याला त्यांच्या लेखी वजन होतं. काउंटेसने दिलेला घोडा या भावनेने दिलेला आणि घेतलेला आहे. बाजारातली ओळख, ब्रँड वगैरे विचार त्यात नव्हता.

आणि म्हणूनच घोडा मिळाला 1923 च्या सुमारास, पण गाडीवर चढला 1932 मध्ये. एन्झो चालवायचा त्या गाड्या अल्फाच्या होत्या, त्यांच्यावर आपलं चिन्ह लावणारा तो कोण? 16 नोव्हेंबर 1929 ला त्याने मोडेनात स्कुदेरिया फेरारी हा स्वतःचा संघ काढला. गाड्या अजूनही अल्फाच्याच, पण संघ त्याचा. 9 जुलै 1932 ला बेल्जियममध्ये स्पाच्या 24 तासांच्या शर्यतीत त्या अल्फांवर पिवळी ढाल पहिल्यांदा दिसली. अँतोनिओ ब्रिव्हिओ आणि एउजेनियो सिएना यांची गाडी पहिली आली, आणि दुसरी आलीही याच संघाची. म्हणजे हा घोडा पहिल्यांदा धावला आणि जिंकला तो अल्फा रोमिओच्या अंगावर. ही गोष्ट मी भेटेल त्या फेरारीप्रेमीला आवर्जून सांगतो.

ढालीवरची एस आणि एफ ही अक्षरं म्हणजे स्कुदेरिया फेरारी. स्कुदेरिया म्हणजे घोड्यांची पागा, आणि इटलीत रेसिंगच्या संघालाही तेच म्हणतात. वर हिरवा, पांढरा, लाल हे इटलीचे पट्टे. पिवळा मोडेनाचा. त्या शहराचे रंग पिवळा आणि निळा, तिथल्या फुटबॉल संघालाही कॅनरीच म्हणतात. आपल्याकडे सचिन तेंडुलकरची लाल फेरारी ज्यांना आठवते त्यांनी तिचं मॉडेल आठवावं, 360 मोडेना. गाडीच्या नावात शहर होतं आणि नाकावरच्या बिल्ल्यात त्याच शहराचा रंग.

लाल रंगाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. तो फेरारीचा स्वतःचा नव्हे. त्या काळी आंतरराष्ट्रीय शर्यतीत देशाप्रमाणे रंग असत, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा. अल्फाही लाल, मासेराटीही लाल. 1964 मध्ये इटलीच्या मोटर संघटनेशी बिनसल्यावर एन्झोने फॉर्म्युला वनच्या अमेरिका आणि मेक्सिकोच्या शेवटच्या दोन शर्यतींत गाड्या निळ्या-पांढऱ्या रंगवून उतरवल्या, आणि त्याचा ड्रायव्हर जॉन सर्टीज त्याच रंगात विश्वविजेता झाला. फेरारीचा घरचा रंग विचाराल तर मी पिवळा सांगेन.

आता दोन आकारांकडे येऊ. 1938 मध्ये अल्फाने रेसिंग स्वतःच्या हातात घेतलं, वर्षभरात एन्झो बाहेर पडला. चार वर्षं फेरारी हे नाव रेसिंगसाठी वापरायचं नाही अशी अट होती. 1940 च्या मिले मिलिया या इटलीतल्या शर्यतीसाठी त्याने दोन गाड्या बनवल्या, पण त्यांचं नाव नुसतंच 815, कंपनीचं नाव आउटो आविओ कोस्त्रुत्सिओनी. मग युद्ध, मोडेनाहून मारानेल्लोला हललेला कारखाना, आणि 1947 मध्ये 125 एस. फेरारी नाव लावलेली ही पहिली गाडी. 11 मे ला पियाचेन्झाला ती फ्रांको कोर्तेसेच्या हातात पहिल्यांदा शर्यतीत उतरली, आणि त्याच महिन्यात रोमला जिंकली.

या गाडीला संघाची ढाल लावून भागणार नव्हतं. आता गाडी विकायची होती, तिला कारखान्याचा शिक्का हवा. तेव्हा उभा चौकोनी बिल्ला आला. घोडा तोच, पिवळा तोच, तिरंगी पट्टे तेच, पण एस-एफ गेले आणि खाली पूर्ण फेरारी हे नाव आलं, ज्यातल्या पहिल्या अक्षराची वरची दांडी पुढच्या अक्षरांवर छपरासारखी लांबवलेली आहे. घोडा नव्याने रेखाटला मिलानच्या एलिजिओ जेरोसा या कोरीव कारागिराने. बाराक्काच्या घोड्याची शेपटी खाली असायची. फेरारीच्या घोड्याची वर उसळलेली असते आणि तो मागच्या एकाच पायावर तोललेला असतो. नक्कल बनवणारे हटकून इथे चुकतात. शेपटीचा झुपका जाड होतो, टेकलेला पाय सरळ खांबासारखा होतो आणि घोड्याचा तोल जातो. अस्सल घोडा पाहताना तो पुढच्या क्षणी झेप घेणार असं वाटतं.

तेव्हा हिशेब असा. ढाल संघाची, चौकोन कारखान्याचा. फॉर्म्युला वनच्या गाडीवर आजही ढाल असते, आणि रस्त्यावरच्या गाडीच्या नाकावर चौकोन.

पोर्शबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मुलगा तिथेच आहे. पोर्शचा बिल्ला 1952 चा, म्हणजे फेरारीच्या ढालीनंतर वीस वर्षांनी. कंपनीतल्याच फ्रान्झ झाव्हर राइम्सपीस यांनी तो रेखाटला. अमेरिकेतले विक्रेते मॅक्स हॉफमन यांनी आग्रह धरला आणि फेरी पोर्श यांनी हॉटेलात नॅपकिनवर चित्र काढलं, ही कथा सगळीकडे सांगतात. तिच्याआधी, 1951 मध्ये, पोर्शचे एक ग्राहक डॉक्टर ओटोमार डोमनिक यांच्या पुढाकाराने कला महाविद्यालयांत बिल्ल्यासाठी स्पर्धाही झाली होती, पण त्यातलं काही पसंत पडलं नाही. बिल्ल्यात मधे स्टुटगार्टचा घोडा, कारण ते शहरच घोड्यांच्या पैदास केंद्राभोवती वसलं अशी परंपरा आहे. भोवती वुर्टेम्बर्गची लाल-काळी पट्टी आणि सांबराची शिंगं. हा बिल्ला आधी स्टीअरिंगवर आला, बॉनेटवर नंतर. म्हणजे पोर्शचा घोडाही शहराचा आणि पिवळाही शहराचा. फेरारीत पिवळा शहराचा, पण घोडा एका माणसाचा. हा फरक मुलाने आपल्या सहकाऱ्यांना जरूर सांगावा. त्यांच्या घोड्याचा मान त्याने कमी होत नाही.

बाराक्काचा घोडा फक्त फेरारीकडे आहे असंही नाही. इटलीच्या हवाई दलाची चौथी तुकडी, ग्रोसेतोची, आजही तो वागवते. डुकाटीच्या मोटरसायकलींवरही पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून काही काळ होता, कारण त्यांचे मुख्य अभियंता फाबिओ तालियोनी बाराक्काच्याच लुगोचे. गावकऱ्यांनी गावचा घोडा लावला, यात मला काही वावगं वाटत नाही.

बिल्ला हातात कसा पारखायचा ते सांगतो, हे माझ्या कामाचं क्षेत्र. जुने चांगले बिल्ले भट्टीतल्या मिन्याचे असत. तांब्याच्या किंवा तांबं जास्त असलेल्या मिश्रधातूच्या पत्र्यावर पोलादी डायने ठसा मारायचा. साधं पितळ इथे चालत नाही, जस्त जास्त असलं की मिना नीट धरत नाही. ठशात घोड्याची बाह्यरेषा आणि अंगावरच्या स्नायूंच्या रेषा धातूच्या बारीक भिंतींसारख्या वर उभ्या राहतात. मधल्या खोल कप्प्यांत रंगीत काचेची पूड पाण्यात कालवून भरायची, वाळवायची आणि सुमारे 800 अंशांच्या भट्टीत घालायची. काच वितळून खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भट्टी. कप्पा काठोकाठ भरला की पाण्याखाली दगडाने घासून काच आणि धातू एका पातळीत आणायचे, चकाकीसाठी शेवटची भट्टी, मग प्लेटिंग. भिंगातून पाहिलंत तर घोड्याच्या मांडीवरची रेष तळापासून वर आलेली दिसते, आणि बिल्ला तिरका धरला की पिवळ्या काचेला खोली जाणवते. छापलेल्या किंवा वरून राळ ओतलेल्या बिल्ल्यात रेष पृष्ठभागावर तरंगते. पुढच्या दशकांत कंपन्यांनीच स्वस्त पद्धती घेतल्या, त्यामुळे नंतरच्या गाडीवर छापील बिल्ला असणं म्हणजे फसवणूक नव्हे. 1950 च्या दशकातल्या गाडीवर तो दिसला तर मात्र विचारा.

आपल्या हवेत, विशेषतः मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात, मिन्याला टवका उडाला की ओल आत शिरते आणि तांबं हिरवं पडतं. ते हिरवं दिसलं की थांबू नका, कारण ते पसरत जातं आणि शेजारची काच उचलतं. पण टवका कोरडा, लहान आणि स्थिर असेल तर माझा सल्ला तसाच ठेवा. पुन्हा भट्टीत घालायचं तर मागचे डाखलेले खिळे आधी काढावे लागतात, नाहीतर डाख वितळतो. आणि एवढ्या वर्षांची काच पुन्हा तापवताना आख्खा बिल्ला तडकण्याची भीती असते. थंड राळेने भरलेला पिवळा सुरुवातीला बेमालूम दिसतो, पण उन्हात त्याचा रंग मूळ काचेपेक्षा वेगळ्या वेगाने बदलतो आणि ठिगळ उघडं पडतं.

बाजूच्या ढालीचा शेवटचा प्रश्न राहिला. रस्त्यावरच्या फेरारीला पुढच्या चाकांच्या मागे फेंडरवर असलेली ढाल हा गेल्या काही दशकांत कंपनीकडून जादा पैसे मोजून घ्यायचा पर्याय झालाय. बऱ्याच मॉडेलांत कारखान्यातून ढाल घेतली की फेंडरच्या पत्र्यातच तिच्या मापाचा उथळ खळगा असतो आणि ढाल त्यात बसते. नंतर बाहेरून चिकटवलेली ढाल पत्र्यावर उठून राहते, बोट फिरवलं की कडा लागते. वापरलेली गाडी घेताना हे पाहावं. चिकटवलेली असली म्हणून गाडी वाईट ठरत नाही, फक्त कारखान्याच्या ढालीचे पैसे देऊ नयेत. काढायची असेल तर पेचकस लावू नका. हेअर ड्रायरने कडेने सावकाश ऊब द्या, मासेमारीचा नायलॉनचा दोरा मागून करवतीसारखा ओढत न्या, आणि उरलेला गोंद अंगठ्याने चोळून काढा. पेचकसाने पत्र्याला पडलेला पोचा रंगकामाशिवाय निघत नाही, आणि त्या लाल रंगाची जुळणी ढालीपेक्षा कितीतरी महाग पडते.